डाव्या बाजूच्या दोन खुर्च्या

प्रिय भोंगाबाई,

पत्र बघून दचकू नकोस. तुझा बाप पत्र लिहायला बसला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ताडलं असशील, म्हणून पहिल्यांदा हेच सांगतो की कुणी पडलेलं नाही, कुणी दवाखान्यात नाही. मग फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर बोलायला लागलो की हल्ली तुझी आई समोर खुर्ची ओढून बसते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. मेसेज टाकावा तर मोबाईल तिच्याच पर्समध्ये. आत्ता ती ठेवणीतले कपडे घेऊन शिंप्याकडे गेली आहे, बाह्या सैल करून घ्यायला. ती यायच्या आत हे लिहून, कुरियरवाल्याकडे टाकून, भाजीची पिशवी हातात घेऊन मला साळसूदपणे घरी हजर व्हायचंय. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू पाठवलेले दोन पास मिळाले. आयोजक गाणाऱ्यांच्या घरच्यांनाही बाल्कनीतून पुढे येऊ देत नाहीत, आणि तेवढ्यासाठीसुद्धा तू त्यांच्याशी भांडलीस, हे तुझ्या तबलजीने सांगितलं. आईने पास फ्रिजवर लावून ठेवलेत. पाणी प्यायला गेली की त्यांच्यावरून हात फिरवते. पण मी गेल्या महिन्यात मुद्दाम त्या हॉलवर जाऊन आलो. झाडलोट चालली होती, म्हणून आत सोडलं. बाल्कनीत, तुझ्या पासावरच्या खुर्चीवर बसून पाहिलं. स्टेज काडेपेटीएवढं दिसतं आणि वर पंख्यांची घरघर. आयुष्यभर थिएटरच्या दारात उभा राहिलेला माणूस मी, कुठल्या खुर्चीवरून काय पोचतं हे मला कळतं. तुझ्या आईला तिथे बसवून चालणार नाही. तिला पुढे बसवायला हवं, पहिल्या दोन-तीन रांगांत, आणि स्टेजकडे तोंड केलं की डाव्या हाताला, अगदी कडेला. मध्ये नको, उजवीकडे तर नकोच. या दोन खुर्च्यांपायी गेले कित्येक दिवस माझा जीव टांगणीला लागलाय. तुला बोललो नाही, कारण तू भांडून मिळवलेले पास आम्हाला चालत नाहीत, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिकीटविक्री सुरू झाली त्या सकाळी मी आंघोळ करून, चष्मा पुसून, खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंकडे जाऊन बसलो. त्यांनी शाळेला दांडी मारली होती, माझ्यासाठी. लॅपटॉपवर एक गोल फिरत होता आणि खाली लिहिलं होतं की तुम्ही रांगेत आहात. रांग म्हणे! पुढे माणूस दिसत नाही, मागे माणूस दिसत नाही, कुणी मध्ये घुसला तर ओरडायची सोय नाही. मी आपला कागदावर हॉलचा नकाशा काढून डाव्या कडेच्या खुर्च्यांवर फुल्या मारून नेल्या होत्या. बाईंनी एका खुर्चीवर बोट ठेवलं की ती करडी व्हायची, म्हणजे गेली, दुसरीवर ठेवलं की दुसरी. चहा निवायच्या आत सगळा हॉल करडा झाला. बाई रडकुंडीला आल्या, मी त्यांना समजावलं आणि मग घरी येऊन मीच तुझ्या आईवर खेकसलो, भाजीत मीठ कमी आहे म्हणून. मीठ बरोबर होतं.

खरी आग लागली ती संध्याकाळी. त्याच खुर्च्या, माझ्या फुल्यांच्या खुर्च्या, दुसऱ्या एका साईटवर विकायला आल्या. भाव ऐकून शिक्षिकाबाईच हळू आवाजात म्हणाल्या, काका, राहू द्या. तुला आमच्या थिएटरबाहेरचा 'टोपी' आठवतो का? दिव्याच्या खांबाला टेकून ब्लॅकने तिकिटं विकायचा तो. मी त्याला कितीदा कॉलर धरून बाहेर काढला असेल, आणि दुसऱ्या दिवशी तोच मला विचारायचा, साहेब, पोरीचा घसा कसाय? चोर होता, पण त्याला चेहरा होता. मध्यंतर जवळ आलं की उरलेली तिकिटं पडेल भावात द्यायचा आणि कधी एखाद्या म्हाताऱ्याला तशीच द्यायचा. आता शिव्या घालायच्या तर कुणाला? लॅपटॉपला घातल्या. बाईंचा होता, म्हणून बेताने घातल्या.

आई मात्र शांत होती. मी कुठे जातो, कशासाठी चिडतो, सगळं तिला ठाऊक होतं, पण ती म्हणायची, बाल्कनी काय वाईट आहे, वरून पोर दिसेल तरी. दिसेल तरी! ज्या बाईने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून, नुसत्या श्वासावरून पलीकडचा माणूस ओळखला, तिने असं म्हणावं? तू स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून गायचीस आणि ती पोळ्या लाटता लाटता पाठमोरीच नुसतं 'च्' करायची. जीभ टाळूला लावून, एवढंसं. तू तिथेच थांबायचीस, मागे जायचीस, पुन्हा तो सूर लावायचीस. तुझ्या गुरूंनाही तू इतकी घाबरली नाहीस जितकी त्या 'च्'ला. मला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण 'च्' आलं की चुकलं आणि नाही आलं की जमलं, एवढ्यावर मी तुझं सगळं गाणं शिकलो. मागे तू मला विचारलं होतंस, बाबा, आई हल्ली माझ्या रेकॉर्डिंगमध्ये एकही चूक काढत नाही, नुसतं छान छान म्हणते, तिचं लक्ष नसतं का? मी म्हटलं, तू मोठी झालीस, आता चुका होत नसतील. तू हसलीस, पण तुला ते पटलं नव्हतं.

तर तिकिटं. शिक्षिकाबाई हट्टाला पेटल्या होत्या. त्यांनी रोज शाळा सुटल्यावर ती साईट धुंडाळायची आणि मला जिन्यातून खूण करायची, असं चाललं होतं. एकदा एका विक्रेत्याला पैसे पाठवायला निघालो, तर त्याने एकच खुर्ची तीन जणांना विकल्याचं ऐनवेळी कळलं. मग गेल्या आठवड्यात दातांच्या एक डॉक्टरीणबाई सापडल्या. सुनेचं बाळंतपण मध्येच आलं, म्हणून तिकिटं विकत होत्या. दुसरी रांग, डावी कड, शेजारशेजारच्या दोन. त्यांनीही ती कुणाकडून तरी चढ्या भावाने घेतलेली, पण वर एक पै न लावता मला दिली. तरी किती पडली ते विचारू नकोस, मी आईलाही सांगितलेलं नाही. जाड, गुळगुळीत कागदाची छापील तिकिटं, खाली मधोमध काळा चौकोनी क्यूआर कोड. दवाखान्यातल्या बाकावर बसून मी ती इतका वेळ बघत राहिलो की कंपाउंडरने विचारलं, काका, दाढ दुखतेय का?

आता पुढचं लिहायला हात रेटत नाही. घरी आलो, तिकिटं आईच्या हातात ठेवली. तिने चष्मा लावून वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत हसली नसेल अशी हसली. आमची ओळख कशी झाली ते तुला पाठ आहे. ती मैत्रिणीबरोबर सिनेमाला आली, मी तिकीट फाडलं आणि तिच्याकडे बघत बसलो, मागची रांग शिट्ट्या मारायला लागली. तर त्या दिवशी तिला काय लहर आली कोण जाणे. तिकिटं घेऊन दाराबाहेर गेली, पदर सावरला, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून अगदी परक्या बाईसारखी माझ्यापुढे तिकिटं धरून म्हणाली, दोघं आहोत. मी दारात उभा. भोंगाबाई, मी विचार केला असता तर झालं नसतं. पण दारात उभं असताना समोर तिकीट आलं की माझे हात मला विचारत नाहीत. दोन्ही एकावर एक घेतली, दुमडली आणि टर्रकन फाडली. वर 'सरळ जाऊन डावीकडे' असंही म्हणालो. अर्धी माझ्या हातात, अर्धी तिच्या. क्यूआर कोड बरोबर मधून गेला होता.

ती हसून हसून भिंतीला टेकली. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर तिला कळलं असतं. तिच्या लेखी तिकीट फाटलं म्हणजे ते पक्कं झालं. अर्धं प्रेक्षकाकडे राहतं, जन्मभर तिने हेच पाहिलंय. तिचे दोन तुकडे तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवलेत. मी माझे तुकडे घेऊन, भाजीचं निमित्त करून, हॉलच्या खिडकीवर गेलो. घरून अंगठीच्या डबीसारखे रुमालात बांधून नेले होते. खिडकीवरची बाई भली होती. तिने एक तुकडा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाली, चारही तुकडे आणून चिकटवलेत तरी दारावरचं मशीन लाल दिवाच दाखवेल, मागे दोघांचं तसं झालंय. नवी छापून द्या म्हटलं, तर म्हणाली, ज्याच्या नावाने पहिल्यांदा बुकिंग झालं त्यालाच मिळतात. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांना विकणाऱ्याचं नाव त्यांना माहीत नाही, आणि त्याने कुणाकडून घेतली ते देव जाणे. म्हणजे खुर्च्या आहेत, त्यांचे पैसे मोजलेत, त्या दिवशी त्या रिकाम्या राहणार, आणि आम्ही दारात. फाटक्या तिकिटाच्या किती लोकांना मी 'जरा बाजूला उभे राहा' म्हटलंय, पण तेव्हा मला निदान तोंडाकडे बघून माणूस खरा की खोटा ते ठरवता यायचं. आता ते मशीन ठरवतं. मला बाजूला उभं केलं तर चालेल. तिला केलं तर मला सहन होणार नाही.

आता ज्यासाठी हा कागद काळा केला ते लिहितो. आईचा डावा कान गेला आहे, पूर्ण. उजवाही त्याच वाटेने चाललाय, आणि डॉक्टर म्हणतात, वर्षभर तरी साथ देईल का, सांगता येत नाही. कानाचं मशीन लावून बोलणं कळतं, पण गाणं डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं, म्हणून तुझं रेकॉर्डिंग लागलं की ती मशीन काढून ठेवते आणि छान म्हणते. फोन लगेच माझ्याकडे देते ती घाईत असते म्हणून नाही, आणि माझ्या तोंडाकडे बघते ती ओठ वाचायला. कार्यक्रम होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही, अशी तिने माझ्याकडून शपथ घेतली होती. पोरीचा गळा भरून आला तर सूर कुठून लागायचा, म्हणाली. ती शपथ मी आज मोडतोय. डाव्या कडेला बसलं की उजवा कान स्टेजकडे होतो, आणि अगदी जवळून गायलेलं अजून पोचतं, हे मी घरी स्वतः बेसूर गाऊन पाहिलंय. तेव्हा आयोजकांशी आणखी एकदा भांड. आमच्या खुर्च्या रिकाम्याच आहेत, त्या मिळवून दे. नाहीतर डाव्या टोकाला दोन साध्या खुर्च्या टाकून घे. आणि दारावरच्या माणसाला सांग की फाटकी तिकिटं घेऊन एक बाई येतील, त्यांच्या हातातला तुकडा घे, मान हलव आणि सरळ जाऊन डावीकडे म्हण. तुला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. आणखी एक मागतो, गाणाऱ्या पोरीकडे बापाने मागू नये असं. तू ओट्याला टेकून शिकलीस ते पहिलं गाणं त्या दिवशी म्हण, आणि त्यातला तो वरचा सूर, जिथे लहानपणी तुझा पाय घसरायचा, तिथे एकदाच, केसभर, मुद्दाम घसर. बाकी कुणाला कळणार नाही. मी मात्र तुझ्याकडे बघत नसेन, मी तिच्या शेजारी बसून त्या 'च्'ची वाट बघत असेन.

तुझाच,
बाबा, दारावरचा