गच्चीवरची मोजणी

बेसा, नागपूर
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप देवकीताईंना श्रीधरचा साष्टांग नमस्कार.

महादेवरावांचा गुडघा आता कसा आहे? थंडी वाढली आहे, तेव्हा त्यांना सकाळी अंगणात बसू देऊ नका. तुमचं बीपी तपासून घेता ना? इकडे मी ठीक आहे. म्हणजे दोन वेळा जेवतो, आणि त्यातलं एक जेवण स्वतः करतो (त्याला जेवण म्हणावं की नाही, यावर खालच्या मजल्यावरच्या सरिताबाईंचं आणि माझं मत जुळत नाही).

तुमचे शेजारी रुपराव गांधीबागेत कापड घ्यायला आले होते, ते वाट वाकडी करून माझ्याकडे आले आणि तुमचा निरोप सांगून गेले. "ज्या घरची बाई जाऊन चार महिने झाले, त्या घरावर पोरं नाचून राहिले? वर्षश्राद्ध होईस्तोवर तिथं टाळी वाजाले नाही पाहिजे, सांगजा त्याले." रुपरावांनी हे हुबेहूब तुमच्या आवाजात, हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं, त्यामुळे मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुमची धाकटी बहीण गेली आहे. रीत मलाही ठाऊक आहे. दिवाळीला मी उंबऱ्यावर पणतीसुद्धा लावली नाही. पण ताई, पुष्पलताचा नाचाचा वर्ग मी सुरू ठेवला नाही. तो बंद करायला गेलो आणि मला बंद करता आला नाही. येत्या सव्वीस जानेवारीला आमच्या ले-आऊटच्या मैदानात ही अकरा पोरं तिने बसवायला घेतलेला नाच करणार आहेत. तो तुम्ही होऊ द्यावा, एवढ्यासाठी हे लांबण लावतो आहे.

झालं असं, की तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाच वाजता जिन्यात पावलं वाजली. मी गच्चीवर गेलो तो 'वर्ग संपला, घरी जा' एवढंच सांगायला. बघतो तर अकराही जणांनी चपला काढून कडेला लावलेल्या, आणि स्वतः रांगेत उभे. टीचर गेल्या हे त्यांना माहीत होतं, पण त्यामुळे पाचचा वर्ग कसा काय नसतो, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. पियुष नावाचा नऊ वर्षांचा पोरगा मला म्हणाला, "काका, टीचर नाही तं तुम्ही आकडे म्हणा ना गा. नाचाचं आमी पाहून घेतो." आकडे मला येतात. भूकरमापक म्हणून छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, दुसरं काय केलं? मी एक ते आठ म्हणालो. पुन्हा म्हणालो. तासभर म्हणत होतो. मग खाली येऊन पोटभर जेवलो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा (हे सरिताबाईंना कळवू नका; डबा त्यांचाच होता, आणि आधीचे तेरा दिवसही त्यांचाच होता).

पण नुसत्या आकड्यांवर किती दिवस चालणार? तेव्हा तिची वही काढली. नाच शिकवण्याचे इतके उपाय तिने लिहून ठेवले असतील, हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी गाणं लावायचंच नाही. पोरांना नुसतं चालवायचं, आधी सावकाश, मग घाईत, मग चिखलातून चालल्यासारखं. ठेका ताटावर चमच्याने धरायचा. दोघा-दोघांना समोरासमोर उभं करायचं, एक करेल ते दुसऱ्याने आरशातल्यासारखं करायचं. लाजरं पोर पहिल्या रांगेत नको आणि शेवटच्याही नको. डावं-उजवं कळत नसेल तर डाव्या पायाला ओढणीची चिंधी बांधायची. मी सगळं जसंच्या तसं केलं. अकरा ताटं एकदम वाजली, तेव्हा पुन्हा कुठली साथ आली की काय, असं विचारत सरिताबाई वर आल्या. चिंध्या मी पोरांच्या समोर बसून बांधल्या, त्यामुळे माझ्या डाव्या हाताला जो आला तो डावा, असं धरून चाललो. पाच जणांनंतर चूक लक्षात आली, पण कोणते पाच ते लक्षात राहिलं नाही. तीन दिवस पोरं एकमेकांवर आपटत होती.

पुढे वहीत एक वाक्य होतं, 'प्रत्येकाला आपली जागा कळली पाहिजे.' हे मात्र माझ्या खात्याचं काम. टेप काढली, खडू घेतला, आणि गच्चीचे सारखे अकरा तुकडे पाडले. नंबर टाकले, मधून रस्ताही सोडला. दुसऱ्या दिवशी नाच राहिला बाजूला. एकाचा पाय मिनलच्या सात नंबरात गेला, मिनल रडत घरी गेली आणि आईला घेऊन आली, आणि आईने माझ्यासमोर उभं राहून विचारलं, "आमच्याच पोरीले उन्हाचा तुकडा काहून दिला जी? टाकीची सावली तं सारी तिकडेच हाये." अतिक्रमणाच्या दोन तक्रारी आल्या, एक तोंडी, एक लेखी. लेखीला मी सवयीने पोच दिली. शेवटी बादलीभर पाणी ओतून सगळ्या रेघा धुवून टाकल्या, प्रत्येकाला फक्त एक ठिपका ठेवला, आणि नाच पुन्हा सुरू झाला (अख्ख्या नोकरीत एकाही प्रकरणात हा उपाय मला सुचला नव्हता).

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. वहीतला आणखी एक उपाय असा, की प्रत्येक पोराने एक पाऊल स्वतःच्या मनाने शोधायचं आणि ते नाचात घालायचं. कोणी पतंग उडवला, कोणी सायकल मारली. सोनिका म्हणून एक मुलगी आहे, फारशी बोलत नाही. ती भिंतीपाशी गेली, एक हात भिंतीला टेकला, मान खाली घातली आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. बाकी सगळी पोरं एकदम ओरडली, "एक मिनिट!" आणि हसली. मीही हसलो. मग विचारलं, हे काय आहे? सोनिका म्हणाली, "टीचर असंच करे ना, काका. ताप होता तिले. भिंत धरून उभी राहे. आमाले म्हणे, काकाले सांगू नका, गुरुवारी त्यायचा निरोप समारंभ आहे." पोरांनी आठ मोजले आणि पुढचं पाऊल घेतलं. मी टाकीपाशी बसलो. त्या आठवड्यात मी घरात बसून भाषण पाठ करत होतो, ताई. तिच्यासमोरच म्हणून दाखवत होतो.

ते पाऊल नाचात आहे. ते काढा, असं पोरांना सांगणं मला जमत नाही. वर्षभर थांबा म्हटलं, तर ती उंच होतील, शाळा बदलतील, विसरतील. मग तिला तसं उभं राहिलेलं पाहिलेलं कोणी उरणार नाही, कारण मी पाहिलंच नाही. म्हणून तुमच्या पाया पडून मागतो, हा नाच होऊ द्या.

महादेवरावांना नमस्कार, काजलला आशीर्वाद. माझ्यावर राग असला तरी पत्र वाचून मगच फाडा.

तुमचा
श्रीधर

ता. क. – वर 'बसवायला घेतलेला' नाच असं लिहिलं, कारण वही दुसऱ्या कडव्यापाशी थांबते. तिथे पेन्सिलीने लिहिलं आहे, 'पुढचं ताईला विचारायचं. ती माझ्याहून चांगली नाचायची.' लग्नाआधी तुम्ही दोघी एकत्र शिकलात आणि सासरी चालणार नाही म्हणून तुम्ही सोडलंत, हे तिने मला सांगितलं होतं. मी कुठे बोललो नाही. रविवारी या. मौद्याहून दुपारची बस धरलीत तर पाचपर्यंत पोचाल.

ता. क. २ – दवाखान्यात तुम्ही मला विचारलं होतं, ताप कधीपासून होता. मी शुक्रवारपासून म्हणालो. पोरं म्हणतात, त्याच्या आधीच्या शनिवारपासून. तुम्हाला मला जे काय बोलायचं असेल ते बोला, मी ऐकून घेईन. फक्त वर्ग सहाला सुटतो, त्यानंतर बोला.