वरची दोन काजं

सूनबाई,

तो सदरा अर्धवट ठेवण्यात माझा फायदा एवढाच होता, की तुझ्या सासूची सुई काजात तशीच अडकलेली दिसायची आणि ती आत्ताच चहा टाकायला उठलीय असं वाटायचं. काल तू उरलेली काजं पुरी केलीस, आणि मी पाहुण्यांसमोर ओरडलो, "तिच्या कामाला हात लावायचा नाही!"

तू आत गेल्यावर मी तुझ्या नवऱ्यापुढे सदरा धरला. एका काजावर बोट ठेवून म्हणालो, "हे बघ, याला म्हणतात तुझ्या आईचा हात! नाहीतर हिचं!"

तो हळूच म्हणाला, "बाबा, आईची वरची दोनच. हे हिचं आहे."

जन्मभर शिंपीकाम केलं, आणि बायकोचा टाका ओळखता आला नाही. तिनं तुला कधी शिकवलं, कळूही दिलं नाहीत. दोघी लबाड!

तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून तू उठायच्या आत दुकानात जातोय. तिची सुई टेबलावर ठेवलीय, ती आता तुझी. डबा मी भरलाय. भाजी खारट आहे, तरी ने. चुकलो मी, ओरडलो मी, आणि काल उपाशी झोपलीस तू.

— बाबा