सामाईक रस्त्याबाबत, पण घरगुती

प्रिय ढमू,

पन्नाशी उलटलेल्या माणसाला, त्यातून दुकानदार संघाच्या अध्यक्षाला, या नावाने हाक मारू नये हे मला कळतं. पण आमच्या वकिलांनी मला एवढंच बजावलंय की पलीकडच्यांशी तोंडी बोलायचं नाही, जे काय असेल ते लेखी द्यायचं. मायना काय घालायचा, याबद्दल ते काही बोलले नाहीत. तेव्हा हे लेखी. मधला रस्ता ओलांडून तुझ्या दुकानात यायला जेवढा वेळ लागला असता, त्याहून जास्त वेळ माझा पाकीट शोधण्यात गेला.

सोमवारी तडजोडीच्या कागदावर संघातर्फे तू आणि सोसायटीतर्फे मी सही करायची, की रस्त्याच्या मधोमध सहा फुटी भिंत उठणार. निम्मा रस्ता तुमच्या दुकानांचा, निम्मा आमच्या घरांचा. दोन्ही वकील खूश आहेत. मी काल टेप घेऊन आमचा निम्मा मोजला. त्यातून माझी स्कूटर जाईल, पण आमच्या कोणाचीच मोटार जाणार नाही, आणि तुमच्या निम्म्यातून तुझा टेम्पोही नाही. आमचे लोक म्हणतात, गाड्या हमरस्त्यावर लावू, पण त्यांचा टेम्पो आत यायला नको. तुमच्याकडेही हेच चाललं असणार. दोघंही जिंकलो आणि दोघंही पायी.

खरं सांगू का, वर्षभरात मजाही खूप आली. आम्ही कडेने कुंड्या मांडल्या, म्हणून तुम्ही रंगाची रिकामी पिंपं मांडलीत. मग तुमच्या माडीवरच्या दातांच्या डॉक्टरकडे आलेला तो गृहस्थ मध्येच गाडीसकट अडकला आणि बिचाऱ्याला डिकीतून बाहेर यावं लागलं. गाल सुजलेला, त्यामुळे त्याला धड शिव्याही देता येईनात. आम्ही हद्दीची पिवळी रेघ मारायचं ठरवलं, तर पिवळा रंग सगळ्यात स्वस्त तुझ्याच दुकानात. तू माझ्याकडे न बघता सूट दिलीस आणि वर एक ब्रश फुकट घातलास. सोसायटीच्या बैठकीत मी त्या ब्रशचा उल्लेख मुद्दामच केला नाही. मोजणीच्या दिवशी मात्र दोन्ही वकील एकाच गाडीतून हसत-खिदळत उतरले, आणि आपण सख्खी भावंडं रस्त्याच्या दोन टोकांना नकाशात डोकं खुपसून उभी राहिलो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी उगाचच सगळी भांडी पुन्हा घासली.

तुला आठवतं, शाळेत तुझे सगळे माफीनामे मीच लिहून द्यायची. गुरुजींना माझं अक्षर ओळखू यायला लागलं, तेव्हा तू ते डाव्या हाताने उतरवून काढायला लागलास आणि ते इतकं वाईट दिसायचं की त्याचाही वेगळा माफीनामा लिहावा लागला. पुढे दुकानाच्या परवानगीचे अर्जही मीच लिहिले. कचेरीत तीस वर्षं दुसरं केलं तरी काय? कोणी नळाला पाणी नाही म्हटलं, की मी त्याचं सविस्तर निवेदन करायची. निवृत्त झाले तरी हाताची ती खोड गेली नाही. सोसायटीने मला अध्यक्ष केलं तेही त्यासाठीच, आणि शिवाय त्या बैठकीला दुसरं कोणी आलंच नव्हतं.

आई बरी आहे. पडल्यापासून तिचं जग म्हणजे पलंग आणि आपल्या तळमजल्याच्या खिडकीतली खुर्ची, पण जीभ ठणठणीत आहे. तुझी बायको येऊन तिची विचारपूस करून जाते, तू मात्र खटल्यापासून उंबऱ्याला पाय लावलेला नाहीस. वकिलांचं ऐकावं, पण इतकं?

काल मी तिला तडजोडीचा कागद मोठ्याने वाचून दाखवला. म्हटलं, लेकीने केवढी कामगिरी केली ते कळू दे. तिने फक्त भिंत किती उंच ते विचारलं. मी सांगितलं, तर ती जेवायलाच नको म्हणाली. फार खोदून विचारलं तेव्हा बोलली, की मग ढमू मला दिसणार कसा. ढमू, गेल्या वर्षी तुझा टेम्पो खिडकीसमोरून हलवायला सांग, असं तिनेच मला सांगितलं होतं. तू तो नवा कोरा घेतलास आणि माल उतरवायला सकाळभर बरोबर आपल्या खिडकीसमोर उभा करायला लागलास. त्याच्या आड तू दिसेनासा झालास. गल्ल्यावर बसून तू पेन्सिलीने कान खाजवतोस, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालतोस, ते बघण्यात तिची सकाळ जायची. हलव म्हणून थेट तुलाच सांगावं, तर तुझी पहिलीच नवी गाडी, तू हिरमुसशील. आणि म्हातारी पोरावर पाळत ठेवते म्हणून गिऱ्हाइकं हसतील. म्हणून तिने मला सांगितलं. आणि मी काय केलं, तर तिच्या एका वाक्याची तीन पानी हरकत केली. वहिवाटीचा हक्क, आगीचा बंब, लहान मुलांची सुरक्षितता, आणि माहितीसाठी प्रती पाच ठिकाणी. त्यातूनच हा खटला उभा राहिला. हे तिला सांगताना मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ती अजिबात हसली नाही. मला म्हणाली, टेम्पो का हलवायचा ते तू विचारलंस कुठे.

म्हणून हे पत्र. सोमवारी मी सही करणार नाही, तूही करू नकोस. आमच्या लोकांना काय सांगायचं ते मी बघते. गाडी घरापर्यंत येणार म्हटल्यावर त्यांचाही राग निवळेल. तू फक्त टेम्पो खिडकीसमोर न लावता गादीवाल्याच्या दुकानाच्या बाजूला उभा करत जा. बाकीचं भांडण चालू ठेवायचं असेल तर माझी ना नाही, पण ते समोर बसून करू. आईला तू नुसता दिसलास तरी पुरतं. माझं तेवढ्यावर भागत नाही रे. मला तू बोलायला हवा आहेस.

तुझीच, आणि या एका पत्रापुरती कोणाचीच अध्यक्ष नसलेली,
ताई