फराळ म्हणजे जेवण नव्हे

दादा, आज सोमवार. आईने सकाळी उपवासाची भगर खाल्ली आणि दर सोमवारसारखं विचारलं, "आज गोळी चालते का गं?" मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहिले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुमची लेक आता लातूरला एका दवाखान्यात नर्स आहे. आई माझ्याजवळच असते, आणि तुमच्यासारखा बीपी आता तिलाही आहे.

अजून डोळ्यांपुढे आहे : इस्लापूरजवळच्या आपल्या घरात तुम्ही चुलीपुढे बसला आहात, मी चौथीत आहे. नांदेडहून आणलेलं गोळ्यांचं पाकीट तुम्ही माझ्यापुढे धरता, कारण घरात वाचता येणारी मी एकटीच. कंपाउंडरने वर मराठीत लिहिलंय : रोज एक, जेवणानंतर. तुम्ही विचारता, मग उपवासाला काय करायचं? मी पुन्हा वाचते, बराच विचार करते. फराळ म्हणजे जेवण नव्हे, हे मला घरातच शिकवलेलं. जेवण नाही तर गोळी नाही, असं मी सांगते. तेव्हापासून गोळीवाचून सोमवार गेला, शनिवार गेला, दोन्ही एकादश्या गेल्या, नवरात्राचे नऊ दिवस गेले. गावात येणाऱ्या नर्सबाई एकदा म्हणाल्या, गोळी एक दिवसही चुकवू नका. तुम्ही हसून म्हणालात, "बाई, माझ्या पोरीनं वाचून सांगितलंय. ती चुकत न्हाई." मी दारात उभी होते. मला फार बरं वाटलं होतं.

आधी तुम्ही बैलांची नावं अदलाबदल करू लागलात. मग कित्येक महिने सगळं ठीक, आणि एका सकाळी धोतराची गाठ जमेना. लोक म्हणाले, वय झालं. मला आता कळतं की रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कडक होतात, अरुंद होतात. एखादी बंद पडते आणि मेंदूचा तेवढाच तुकडा रक्तावाचून मरतो. तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही, घरच्यांना पत्ताही लागत नाही. माणूस मात्र एक पायरी खाली उतरलेला असतो.

माझ्या प्रवेशासाठी आपण नांदेडला गेलो, त्या दिवशी तुम्ही चहाला म्हणून गेलात ते परतलाच नाहीत. दोन तासांनी तुम्ही मला रिक्षा थांब्यावर सापडलात, माझ्या मार्कशीटची पिशवी छातीशी धरून. मी समोर आले तर तुम्ही हात जोडून मलाच विचारलं, "ताई, नर्सिंगचं कॉलेज कुठं हाय? माझी लेक वाट बघून राहिली."

आमच्या डॉक्टरांना मी हे दुसऱ्याच पेशंटचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, एवढ्यानेच झालं असं नाही सांगता येत, तंबाखू असेल, शुगर असेल. पण बीपीची गोळी अशी मधे मधे सोडायची नसते. पहिला भाग मी रोज स्वतःला ऐकवते. लक्षात शेवटचाच राहतो.

आई वेगळंच धरून बसली आहे. आजही गोळी गिळून म्हणाली, "तुझ्या दादाच्या गोळ्यांकडं मीच ध्यान दिलं न्हाई. माझंच चुकलं." पाकीट कोणी वाचलं होतं हे ती विसरली आहे, की मला वाचवते आहे, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत होत नाही.

हे मी तिच्यासमोर बसून लिहिते आहे. तिला वाचता येत नाही. आत्ताच तिने विचारलं, काय लिहून राहिलीस एवढं, वाच की जरा. मी कागद उचलला आणि वाचल्यासारखं करून म्हणाले, "गोळी रोज घ्यावी. उपवास असला तरी." ती म्हणाली, एवढंच? मी म्हणाले, हो, एवढंच.