कुटकीची पुडी

अवोन्डेल, ऑकलंड
१४ जून २०२५

ती. वसुंधराताईंना,

अस्मिताचा नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. इथे थंडी पडली आहे. रविवारच्या बाजारात मेथी मिळाली, गुरुदत्तने चार घास खाल्ले.

फोनवर बोललं की तो ऐकतो, म्हणून लिहिते आहे.

परवा तुम्ही म्हणालात, "तुला एक पुडी सांभाळता आली नाही, माझा भाऊ काय सांभाळणार?" तो हसला. मी भांडी घासत राहिले. बावीस वर्षं तेच करते आहे.

आता तुमच्या सुशीलबरोबर जुलैत पुन्हा कुटकीच्या कडू मुळांची पुडी येणार, असं त्याने मला खुशीत सांगितलं. पाठवू नका.

ती देणाऱ्या धरमशालेच्या तिबेटी वैद्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांनी त्याची नाडी पाहिली नव्हती. आणि तुम्ही त्यांना लिव्हरमधली गाठ सांगितलीच नाहीत, कावीळ म्हणालात. वाईट शब्द तोंडून जायला नको म्हणून.

"ताईचं औषध येऊ दे, मग केमोचं बघू," म्हणत त्याने हॉस्पिटलच्या दोन तारखा घालवल्या होत्या. फेब्रुवारीत मी तुमच्याकडून पुडी घेऊन निघाले, ती या दोन तारखा मनात धरूनच.

इथल्या विमानतळावर फॉर्मवर पुडी लिहिली. ती तिथल्या लोकांनी काढून घेतली, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. तपासणाऱ्या बाईने पुडी उघडली, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि "स्वीट ॲज", म्हणजे चालेल, म्हणून परत दिली. पुढे जाऊन मी त्या मुळांचा एक तुकडा चघळला. घरी पोचले तरी जीभ कडूच होती. बाकीची पुडी विमानतळावरच कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी टाकली.

दुसऱ्याच सोमवारी तो केमोला तयार झाला.

उलट्या झाल्या की अजून तो त्या विमानतळवाल्यांना शिव्या देतो. मी त्याची पाठ चोळते. गाठ थोडी लहान झाली आहे. डॉक्टर त्यापुढे काही बोलत नाहीत. कदाचित तुमची कुटकीच बरोबर असेल. मला माहीत नाही. तुम्हालाही नाही.

केमोच्या अजून तीन फेऱ्या आहेत. पुडी आली तर तो एकही घेणार नाही, हे तुम्ही जाणता.

हे पत्र त्याला दाखवायचं असेल तर तेवढ्या तीन होऊ द्या. मग खुशाल दाखवा. मला घराबाहेर काढायला तो असला, म्हणजे झालं.

तुमच्या भावाची बायको,
अस्मिता