काळ्या तळ्याकाठची आरी

नेस, लुईस बेट
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय रुअरी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं नेहमीसारखंच. बटाटे काढून झाले, लाल गाय आटली, वारा काही थांबत नाही.

तुझं शब्दांचं पुस्तक पोचलं. 'आरी' या एका शब्दावर सतरा ओळी लिहिल्यास. उन्हाळ्यात बायकांनी गुरं घेऊन माळावर राहायची झोपडी, हे मी सांगितलेलं. जुन्या आयरिशमध्ये तो शब्द दुभत्या गुरांसाठी होता, नॉर्स दर्यावर्दी तो फॅरो बेटांपर्यंत घेऊन गेले आणि तिथल्या एका गावाला तेच नाव पडलं, हे तुझं. आपला शेणामातीचा शब्द इतका हिंडला, वाचून बरं वाटलं.

मग शेवटच्या चार ओळी वाचल्या.

ते मी तुला तुझं टेपचं यंत्र बंद करायला लावून सांगितलं होतं. "आत्या, माझ्यापाशीच राहील," म्हणालास, आणि ओटची तिसरी भाकरी लोणी लावून खाल्लीस. मी 'एक मुलगी' म्हटलं, तूही 'एक मुलगी' छापलंस. नाव गाळलं की झालं, असं वाटलं तुला. पण वर 'काळ्या तळ्याकाठची आरी, १९३४' असं घातलंस. अरे शहाण्या, दर घराची आरी ठरलेली असते. त्या तळ्याकाठी एकच होती, माझ्या वडिलांची. पोस्टातल्या पेगीने ते मोठ्याने वाचलं, आणि मी तिथेच रांगेत उभी होते.

त्या वर्षी गुरांबरोबर मला एकटीलाच वर पाठवलं होतं. एकोणीस वर्षांची होते मी. जुलैत आई आली, बाळ शालीत गुंडाळून खाली घेऊन गेली आणि गावाला सांगितलं की तिलाच झालं. बावन्न वर्षं मी त्याला भाऊ म्हटलं.

काल तुझा बाप आला होता. टोपी काढली नाही, बसला नाही. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाला, "ऑयरिक, हे खरं आहे?"

मी मान डोलावली.

"मग आता तुला हाक काय मारू मी?"

 तो निघून गेला. आज त्याच्या घरातून धूर दिसतोय, पण तो आलेला नाही.

तू मला फसवलंस रुअरी, आणि ते माझ्याच चुलीपाशी बसून. शब्दांचा एवढा जाणकार झालास ना, मग पुढच्या बोटीने ये आणि त्याने मला काय म्हणायचं ते तूच त्याला सांग. माझ्या दारात मात्र येऊ नकोस.

तुझ्या बापाची आई,
ऑयरिक