दोघींचा रिपोर्ट

४ मार्च
गाठ कॅन्सरचीच. सकाळी कळलं, तरी दुपारी गाडी शिकवायला गेले. शिकणाऱ्या काकांनी गाडी दोनदा खांबाकडे नेली, दोन्ही वेळा माझ्या बाजूचा ब्रेक मीच दाबला. पण ओरडले नाही. त्यानेच ते जास्त घाबरले!

५ मार्च
डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या, चुणचुणीत. म्हणाल्या, "लगेच कापायचं नाही. आधी जनुकांची तपासणी." त्यात एक खूण असते म्हणे. ती निघाली तर औषधाने गाठ ऑपरेशनच्या आधीच आटायची शक्यता दांडगी – मग थोडकंच काढावं लागतं. नाही निघाली तर त्या औषधाचा फारसा उपयोग नाही. सरळ ऑपरेशन, आणि स्तन पूर्ण काढायचा. पुढचं काही मला ऐकूच आलं नाही; सोबत आलेली लेक ऐकत होती. गाठीचा तुकडा घेतला, रक्तही घेतलं.

खूण निघू दे. निघायलाच हवी! पन्नाशी उलटली म्हणून काय झालं, अंग माझं आहे.

९ मार्च
नवरोबा घरभर "निघणार गं, निघणार" करत फिरताहेत. लेक मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीय. विचारलं, तुला काय वाटतं? "आल्यावर बघू, आई." आणि ताटावरून उठलीच. पोटची पोर – दोन गोड शब्द बोलली असती तर जीभ झिजली असती?

१२ मार्च
रिपोर्ट नाही.

१७ मार्च
खूण नाही. गाठीत नाही, रक्तातही नाही.

ह्यांनी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. आणि लेक – "सुटले!" असं पुटपुटली. ऐकलं मी! मग ढसाढसा रडायला लागली. माझ्याशी बोलू नकोस म्हटलं. अजून बोललेलो नाही.

१८ मार्च
सकाळी आपणहून खोलीत आली. "रक्तात निघाली असती ना आई, तर माझ्यातही असू शकली असती. तुझ्याकडून आलेली. मग मलाही हे व्हायचा धोका. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं, तुझं लक्ष नव्हतं. तू 'निघू दे' म्हणायचीस, मी मनात 'नको'. तुझ्यासमोर जेवायला बसून! घास उतरायचा नाही गं."

आधी रागच आला. खरंच आला. मग तिचा सुजलेला चेहरा पाहिला आणि जवळ घेतली. थोडा राग अजून आहे.

२३ मार्च
उद्या ऑपरेशन. लेक शेजारच्या खुर्चीत डुलक्या घेतेय. आत्ता कुणी येऊन म्हणालं, रिपोर्ट बदलून देतो – तर हाकलून देईन!